ब्रिटनमधली पीएच.डी.: विद्यार्थी, गाइड आणि तीन वेगवेगळ्या मुदती

पुण्यात किंवा मुंबईत पीएच.डी. करणाऱ्याला विषय बदलावा लागला, घरच्या आजारपणामुळे चार महिने काम थांबवावं लागलं किंवा गाइडच दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला, तर मनस्ताप होतोच. पण तो विद्यापीठाच्या आवाराबाहेर जात नाही. नवी सिनॉप्सिस, मुदतवाढीचा अर्ज, दोन-चार सह्या, आणि काम पुढे सरकतं. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच तीन प्रसंग थेट तिथल्या गृहखात्यापर्यंत, म्हणजे होम ऑफिसपर्यंत पोहोचू शकतात. विद्यापीठ हे तुमच्या व्हिसाचं प्रायोजकही असतं, आणि प्रायोजक या नात्याने त्याला असे बदल वर कळवावे लागतात. गाइडला यातलं बहुतेक वेळा काही माहीत नसतं. त्याच्या लेखी विषय बदलणं हा निव्वळ संशोधनाचा प्रश्न. घोळ इथूनच सुरू होतात: निर्णय घेतो एक, परिणाम भोगतो दुसरा, आणि नियम ठाऊक असतो तिसऱ्याला, जो इंटरनॅशनल ऑफिसात बसलेला असतो.

मानधन, प्रबंध, व्हिसा

समजा, १ ऑक्टोबर २०२५ ला नोंदणी झाली. यूकेआरआय या सरकारी निधी संस्थेकडून साडेतीन वर्षांचं मानधन मिळालं. ते ३१ मार्च २०२९ ला थांबणार. प्रबंध सादर करायची शेवटची तारीख चार वर्षांनी, ३० सप्टेंबर २०२९. प्रवेशाच्या वेळी विद्यापीठ व्हिसाच्या अर्जासाठी जो सीएएस (प्रवेशनिश्चितीचा) क्रमांक देतं, त्यात अभ्यासक्रम संपण्याची तारीख हीच असेल, तर व्हिसा त्यापुढे आणखी चार महिने, म्हणजे जानेवारी २०३० च्या अखेरपर्यंत चालतो.

आता हिशोब करा. प्रबंध शेवटच्या दिवशी, सप्टेंबरअखेर दिला. परीक्षकांना वाचायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे तोंडी परीक्षा, तिथला ‘वायव्हा’, डिसेंबरात. निकाल चांगला लागला, तरी किरकोळ दुरुस्त्यांसाठी साधारण तीन महिने मिळतात, म्हणजे मार्च २०३०. व्हिसा जानेवारीतच संपलेला. मानधन त्याच्याही आधी, जवळपास वर्षभरापूर्वी. कोणीही काही चुकवलेलं नाही, सगळं विद्यापीठाच्या मुदतीत झालं, आणि तरी विद्यार्थी अडकला. व्हिसा वाढवता येतो; पण त्यासाठी नवा सीएएस, नवी व्हिसा फी, नवा आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम), आणि हे सगळं हातात मानधन नसताना.

म्हणून याच उदाहरणात प्रबंध देण्याची खरी तारीख सप्टेंबर नाही, मे २०२९ आहे. ती पहिल्याच वर्षी गाइडच्या कॅलेंडरात टाकून ठेवावी. ब्रिटिश विद्यार्थ्याला शेवटच्या महिन्यापर्यंत लिहीत बसणं परवडतं, तेव्हा गाइडला घाईचं कारण आपोआप कळेल अशी अपेक्षा धरू नये. तारखांचा एक पानी तक्ता करून त्याच्यापुढे ठेवावा. सीएएस हाती आला की त्यावरची शेवटची तारीखही बघावी. काही ठिकाणी चारऐवजी तीनच वर्षं टाकलेली असतात. हा प्रश्न व्हिसाचा अर्ज करण्याआधी विचारला तर एका ईमेलचं काम असतं.

पैशांचं थोडक्यात सांगायचं तर, यूकेआरआयचं २०२५-२६ चं किमान मानधन वर्षाला २०,७८० पौंड आहे आणि त्यावर आयकर लागत नाही. मात्र त्यांच्या अनुदानात फी धरलेली असते ती स्थानिक विद्यार्थ्याच्या दराने. परदेशी विद्यार्थ्याच्या फीतला फरक विद्यापीठाने सोसायचा असतो, आणि एका तुकडीत परदेशी विद्यार्थी ३० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. त्यामुळे गाइडने ‘तुझा प्रस्ताव उत्तम आहे’ असं लिहिलं, तरी त्याचा अर्थ जागा मिळाली असा होत नाही. जागा त्याच्या हातात नसते. आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड असून तो व्हिसाच्या संपूर्ण काळासाठी एकरकमी भरावा लागतो. चार वर्षं आणि पुढेमागे मिळून पाच महिने, असा व्हिसा असेल तर ३,४९२ पौंड. जोडीदार सोबत नेला तर तेवढेच पुन्हा. मानधनाचा पहिला हप्ता यानंतर कितीतरी दिवसांनी येतो, त्यामुळे ही रक्कम भारतातूनच उभी करावी लागते.

सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनी विषयाचं कलम आधी वाचावं. केंद्राच्या, प्रामुख्याने अनुसूचित जातींसाठी असलेल्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. महाराष्ट्रातल्या जातिव्यवस्थेवर इंग्लंडमध्ये बसून काम करायचं असेल, तर तो रस्ता त्या दिवशी बंद झाला. (हा निर्णय कुणाला सर्वांत जास्त लागला, हे वेगळं सांगायला नको.) राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिचे नियमही वेगळे, दोन्हींची जाहिरात शेजारी ठेवून वाचावी. कोणतीही शिष्यवृत्ती असो, हप्ता लांबला तर फी थकते, फी थकली की नोंदणी अडते, आणि नोंदणी अडली की प्रायोजकत्वावर येतं. अशा वेळी फी विभागाला शिष्यवृत्तीचं मंजुरीपत्र आणि संबंधित कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार मुदतीच्या आधी पाठवायचा. मुदत उलटल्यावर पाठवलेलं पत्र ही सबब ठरते.

विषय बदलला तर

मटेरियल्स, विमानविद्या, अणुतंत्रज्ञान, संगणकशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे काही भाग, अशा विषयांत संशोधन करायचं असेल, तर भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाआधी ‘अटास’ नावाची सुरक्षा मंजुरी लागते. अर्ज ऑनलाइन, मोफत, आणि विद्यार्थ्याने स्वतः करायचा. त्यात संशोधनाचं जे वर्णन जोडायचं, ते विभागाकडून किंवा गाइडकडून येतं. निकालाला किमान ३० कामकाजाचे दिवस धरा. उन्हाळ्यात गर्दी असते, जास्तही लागतात. जुलै संपताना अर्ज केला आणि ऑक्टोबरात वर्ग सुरू, असं करणाऱ्यांची सुरुवातच उशिराने होते.

ही मंजुरी व्यक्तीला मिळते तशी त्या वर्णनालाही मिळते, ही गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. दुसऱ्या वर्षी गाइड म्हणाला, ‘बॅटरीचं सोड, हा संवेदक जास्त चालेल’, तर नव्या विषयासाठी पुन्हा अटास लागू शकतं. अभ्यासक्रम संपण्याची तारीख तीन महिन्यांहून अधिक पुढे गेली, तरीही नवा अर्ज करावा लागतो, आणि तो कळल्यापासून २८ दिवसांत. गाइडने पहिलं वर्णन लिहितानाच ते पुरेसं रुंद लिहावं: एकच पदार्थ आणि एकच उपकरण असं न बांधता पद्धती, पदार्थांचा वर्ग आणि संभाव्य उपयोग येतील असं. खोटं काही लिहायचं नाही, पण संशोधन वळणं घेतं हे गृहीत धरून लिहायचं.

इथे गाइडच्या बाजूचीही एक अडचण सांगायला हवी. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनविषयी सल्ला देणं १९९९ च्या कायद्याने नियंत्रित आहे. ज्याला तो अधिकार नाही त्याने तो द्यायचा नाही. त्यामुळे ‘सर, मी तीन महिने गावी गेलो तर व्हिसाचं काय होईल?’ या प्रश्नावर गाइड गप्प बसतो किंवा विषय टाळतो, तेव्हा त्याला तुमची फिकीर नाही असं समजू नये. त्याने दोन ओळींत इंटरनॅशनल ऑफिसचा पत्ता द्यावा आणि तुम्ही तिकडे लिहावं, हीच बरोबर रीत. सगळ्यांत धोकादायक गाइड कोण, तर चांगुलपणाने ‘काही होत नाही, जाऊन ये’ म्हणणारा.

सुट्टी, खंड आणि वीस तास

‘काही होत नाही, जाऊन ये’ हे धोक्याचं, कारण होतं ते असं. वार्षिक रजा गाइडच्या संमतीने घेतली आणि नोंदवली, तर ती रजाच असते. पण अभ्यास अधिकृतपणे थांबवला आणि तो खंड ६० दिवसांच्या पुढे गेला, तर विद्यापीठाला साधारणपणे प्रायोजकत्व काढून घ्यावं लागतं; मग व्हिसा कापला जातो, देश सोडावा लागतो आणि परतताना सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते. वडिलांचं ऑपरेशन आहे म्हणून नाशिकला जाणाऱ्याने ‘खंड’ असा अर्ज टाकण्याआधी तीन पर्याय विचारून घ्यावेत: उरलेली वार्षिक रजा, ६० दिवसांच्या आतला खंड, किंवा भारतात राहून ग्रंथालयीन काम किंवा लेखन चालू ठेवण्याची लेखी परवानगी. तिसऱ्या पर्यायात गाइडशी ठरलेल्या ऑनलाइन भेटी व्हाव्या लागतात आणि त्यांची नोंद राहावी लागते. न सांगता जाणं मात्र कोणत्याच पर्यायात बसत नाही.

नोकरीचा नियम आठवड्याला २० तासांचा आहे. आठवडा सोमवार ते रविवार, आणि सरासरी काढता येत नाही: एका आठवड्यात २४ आणि पुढच्यात १६ हा नियमभंगच. पीएच.डी.ला उन्हाळी सुट्टी नसते, म्हणून एमएस्सीवाल्या मित्राचं बघून जूनमध्ये पूर्णवेळ काम धरू नये. विद्यापीठात घेतलेली प्रात्यक्षिकं आणि तपासलेल्या वह्या यांचे पगारी तासही या २० मध्येच धरले जातात. विभागाने तास वाढवून दिले तर बाहेरचं काम तितकं कमी करायचं. स्वतःचा व्यवसाय तर पूर्ण वर्ज्य. लंडनच्या खोलीत बसून पुण्यातल्या जुन्या कंपनीचं काम करणं, पैसे भारतातल्या खात्यात घेणं, हेही कामच धरलं जातं. ‘पैसे तर तिकडेच येतात’ हा युक्तिवाद चालत नाही.

गाइड वाट बघतो, विद्यार्थीही वाट बघतो

आता नियमांच्या बाहेरचं, पण जास्त नुकसान करणारं. आपल्याकडे गाइड विचारतो, ‘काय केलंस?’ तिथे विद्यार्थ्याने सांगायचं असतं, ‘हे केलं, इथे अडलं, तुमच्याकडून हे हवं.’ भेटीची विषयपत्रिका विद्यार्थी काढतो. ती आली नाही, तर ब्रिटिश गाइड सगळं ठीक आहे असं धरतो. इकडे विद्यार्थी ‘सर बोलावतील’ म्हणून थांबलेला. सहा आठवडे असेच जातात. दोघांपैकी कोणी आळशी नसतं.

टीकाही तिथे मऊ शब्दांत येते. ‘हा भाग पुन्हा बघितलास तर बरं होईल’ असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडच्या थेट बोलण्याला सरावलेला माणूस तो ऐच्छिक सल्ला समजतो. पुढच्या मसुद्यात तो भाग तसाच दिसतो, आणि गाइडच्या मनात विद्यार्थी ऐकत नाही अशी नोंद होते. यावर एक साधा प्रश्न पुरतो: ‘यातले कोणते बदल केल्याशिवाय पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळणार नाही?’ उत्तर क्रमाने लिहून घ्यायचं.

भेट झाल्यावर त्याच दिवशी एक छोटा ईमेल पाठवावा. नमुना असा: काय ठरलं, दोन ओळी. मी काय करणार आणि कधीपर्यंत, दोन ओळी. तुम्ही काय देणार आणि कधीपर्यंत, एक ओळ. न सुटलेला प्रश्न, एक ओळ. शेवटी पुढच्या भेटीची तारीख. दुसऱ्या गाइडलाही प्रत जाऊ द्यावी. बहुतेक ठिकाणी दोन गाइड असतात आणि दुसरा वर्षभर अंधारात असतो. या ईमेलचे तीन उपयोग आहेत. गैरसमज असेल तर लगेच कळतो. प्रायोजक म्हणून विद्यापीठाला जी हजेरी दाखवावी लागते, तिला आधार मिळतो. आणि पुढे वाद झाला, तर कागद हाताशी असतो. मसुदा पाठवतानाही ‘वाचा’ एवढंच लिहू नये. ‘पान १४ ते २२ मधला युक्तिवाद पटतो का, भाषा सध्या बघू नका’ असं लिहिलं की गाइडचा वेळ वाचतो आणि हवं ते मिळतं. गाइडला प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ठरावीक तास धरलेले असतात; ते स्वल्पविराम सुधारण्यात गेले तर विचार तपासायला उरत नाहीत.

पहिली परीक्षा साधारण ९ ते १८ महिन्यांदरम्यान येते. अनेक विद्यापीठांत सुरुवातीची नोंदणी एम.फिल.ची असते, एक अहवाल, एक प्रकरण आणि वेळापत्रक देऊन दोन अंतर्गत परीक्षकांपुढे ते टिकवलं की पीएच.डी.ला बढती मिळते. दुसऱ्या प्रयत्नातही जमलं नाही तर एम.फिल.वर समाधान मानावं लागतं. तिथे नापास होण्याचं नेहमीचं कारण वाचन कमी पडणं हे नसतं. वाचन ढीगभर, पण त्यातून स्वतःचा प्रश्न एका वाक्यात मांडता येत नाही, हे असतं.

बीडमधली मुलाखत आणि इंग्लंडमधली समिती

क्षेत्रकाम महाराष्ट्रात असेल तर घरचंच म्हणून सोपं वाटतं. समजा विषय ऊसतोड कामगारांचा आहे. पहिला नियम: विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी येण्याआधी घेतलेली मुलाखत प्रबंधात वापरता येत नाही. दिवाळीत गावी गेलो होतो, चार जणांशी बोलून घेतलं, अशी सामग्री वाया जाते.

समितीकडून अर्ज परत येतो तो बहुधा ठरलेल्या जागी अडकून. कामगारांपर्यंत पोहोचणार कसे? ‘मुकादमामार्फत’ असं लिहिलं की समिती विचारते: ज्याच्याकडून उचल घेतली आहे, त्याच्यासमोर कामगार नाही म्हणू शकेल का? प्रश्न रास्त आहे. मुकादमाची परवानगी ही कोपीवर, म्हणजे कामगारांच्या झोपडीवर, जाण्यापुरती. संमती प्रत्येक माणसाची वेगळी, मुकादम नसताना घेतलेली. एका कोयत्यात, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीत, नवरा-बायको दोघं येतात, तेव्हा बाईची संमती नवऱ्याकडून घेता येणार नाही, हेही अर्जात लिहावं लागतं. सही न करणाऱ्यांसाठी तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत आधीच मागून घ्यावी. नंतर मागितली तर सुधारित अर्ज, आणि त्यात काही आठवडे जातात, तोवर हंगाम उलटतो. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे पहिला अर्ज एप्रिल-मेमध्ये जायला हवा.

माहितीपत्रक मराठीत लागतं, आणि ते समितीला कळेल अशा इंग्रजी प्रतीसह. ते कार्यालयीन मराठीत लिहू नये. ‘सदर संशोधनात सहभागी होणे ऐच्छिक आहे’ यापेक्षा ‘बोलायचं नसेल तर नाही म्हणा, तुमच्या कामावर किंवा पैशांवर त्याचा काही परिणाम होणार नाही’ हे बरं. आवाजाच्या फाइली व्हॉट्सॲपवरून मित्राला टंकनासाठी पाठवणं हा ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्याच्या दृष्टीने गंभीर प्रकार आहे. विद्यापीठाच्या साठवणीत फाइल चढवायची, फोनमधून पुसायची, आणि टंकन करणाऱ्याकडून गोपनीयतेचा करार घ्यायचा. गाइडला मराठी येत नसेल, तर पहिल्या दोन मुलाखतींचं पूर्ण भाषांतर त्याला द्यावं. नुसते निवडक उतारे दिले, तर निवड बरोबर आहे की नाही हे तो तपासू शकत नाही, आणि वायव्हात तोच प्रश्न येतो.

वैद्यकीय संशोधनात परदेशी संस्था सहभागी असेल, तर भारतातल्या नैतिकता समितीखेरीज आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागू शकते. तिला महिने लागतात. ब्रिटिश गाइडला हे बहुधा पहिल्यांदाच कळत असतं. ते सांगणं विद्यार्थ्याचं काम.

गाइड निघून गेला, किंवा पटलंच नाही

गाइडने नोकरी बदलली, तर त्याच्या मागे जाणं हा मोठा निर्णय आहे. व्हिसा विद्यापीठाला बांधलेला असतो; विद्यापीठ बदललं की नवा सीएएस, नवा व्हिसा अर्ज, विषयानुसार नवं अटास, आणि मानधन सोबत येईलच असं नाही. जुन्याच ठिकाणी राहून त्याला बाह्य सह-गाइड करणं पुष्कळदा सोयीचं पडतं.

पटत नसेल तर विभागाच्या संशोधन-संचालकाकडे लवकर आणि लेखी बोलावं. विद्यार्थी संघटनेचे सल्लागार विद्यापीठाच्या अधिकारातले नसतात. तिथे जाण्यात बंडखोरी नाही. आपल्या मुलांना वाटतं, तक्रार केली तर गाइड शिफारसपत्र देणार नाही, म्हणून ती प्रबंध नाकारला जाईपर्यंत गप्प राहतात. मग अपील करतात, आणि उत्तर येतं: मार्गदर्शन कमी पडत होतं, तर तेव्हाच का सांगितलं नाही? विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया संपल्याचं पत्र मिळालं, की इंग्लंड-वेल्समध्ये ‘ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर’कडे १२ महिन्यांत जाता येतं. ही संस्था प्रक्रिया नीट झाली का हे बघते. प्रबंध चांगला की वाईट यात पडत नाही.

वायव्हा आणि त्यानंतर

वायव्हात सहसा एक अंतर्गत आणि एक बाहेरचा परीक्षक असतो. गाइड परीक्षक नसतो. हजर राहिला तरी बोलत नाही. पाहुण्यांसमोर सादरीकरण आणि मग चहा-नाश्ता असा समारंभ नसतो, बंद खोलीत दोन-तीन तास पानापानावर प्रश्न. दुरुस्तीशिवाय पास होणारे थोडेच. किरकोळ दुरुस्त्या हा चांगला निकाल. त्यापुढे मोठ्या दुरुस्त्या, आणि मग वर्षभरात पुन्हा सादर करण्याची संधी. पुन्हा सादर करायला सांगणं म्हणजे नापास करणं नव्हे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ च्या मार्चमध्ये बदल करण्यासाठी परत आला होता. मुंबईला परतून त्यांनी ऑगस्टमध्ये सुधारित प्रबंध पाठवला आणि वर्षअखेरीस तो स्वीकारला गेला. त्याआधी १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं होतं. मानधनाची आणि प्रबंधाची मुदत जुळत नाही, हे दुखणं शंभर वर्षं जुनं आहे.

आजही भारतात बसून दुरुस्त्या पाठवता येतात. पण मग ग्रॅज्युएट व्हिसा हातचा जातो. पीएच.डी.धारकाला तो तीन वर्षांचा मिळतो, आणि त्याचा अर्ज ब्रिटनमध्ये असताना, विद्यार्थी व्हिसा जिवंत असताना, आणि विद्यापीठाने ‘अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण’ असं होम ऑफिसला कळवल्यानंतरच करता येतो. दुरुस्त्या मंजूर होईपर्यंत ते कळवलं जात नाही. म्हणून परीक्षकांची नेमणूक प्रबंध देण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू करावी. ती गाइडने करायची असते, आणि बाहेरचा परीक्षक मिळायला वेळ लागतो. वायव्हा लांबण्याचं सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत कमी बोललं जाणारं कारण हेच. नोकरीचं पत्र हाती आलं असेल, तर दुसरी वाट आहे: पीएच.डी.ची २४ महिने पूर्ण झाली की पदवीची वाट न बघता स्किल्ड वर्कर व्हिसावर जाता येतं.

ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज टाकल्यावर निकाल येईपर्यंत देशाबाहेर जायचं नाही. आयर्लंड आणि आसपासच्या ब्रिटिश बेटांपलीकडे पाऊल टाकलं, की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. मुंबईचं तिकीट निकालानंतरच काढावं, घरात लग्न असलं तरी.